हॉट टबचा हीटर सारखा ट्रिप होते, पाणीबी पांढुरकं - कोणाला अनुभव आहे का?

दर्यापूरवाला
राम राम मंडळी. आमचं घर दर्यापूर तालुक्यात, गावाच्या कडेला. मोठे भाऊ पुण्यातून रिटायर होऊन इकडं आले तेव्हा त्यांनी मागच्या अंगणात हॉट टब बसवून घेतला, चार माणसांचा, ॲक्रिलिकचा, १२०० लिटर पाणी मावते. ज्यांना हसायचं त्यांनी आधी हसून घ्या. पण आईचे गुडघे हिवाळ्यात आखडतात अन् त्यात बसून तिला खरंच आराम पडते, म्हणून तो चालू राहणं गरजेचं आहे.

त्रास असा की हीटर लावला की दहावीस मिनिटं बरा चालते अन् मग आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) पडते. परत चढवला तर कधी टिकते, कधी लगेच पडते. नुसता पंप लावला तर काही होत नाही. पाणी ३१-३२ डिग्रीच्या वर चढतच नाही. मधातच पॅनलवर एफएलओ असं येते अन् पंप घरघर करते. पाणी पांढुरकं, अन् जेटमधून पापुद्रे निघतात ते वेगळंच. भरतो बोअरचंच, आमच्या पट्ट्यात दुसरं काय भरणार. ज्यांनी विकला ते म्हणतात व्हिडिओ पाठवा, व्हिडिओ पाठवला तर म्हणतात माणूस मुंबईहून येईल, जाण्यायेण्याचं भाडं तुमचं. गावातल्या इलेक्ट्रिशियननं सांगितलं आरसीसीबी काढून टाका, डायरेक्ट करून देतो, कटकट मिटते. करावं का?

पऱ्हाटी
आमच्या गावात प्यायच्या पाण्यासाठी लोकं टँकरची वाट पाहून राह्यले अन् दर्यापुरात हॉट टब! वा रे विदर्भ.

वायरमनकाका
दर्यापूरवाले भाऊ, डायरेक्ट अजिबात करू नका. पाण्यात तुमची माय बसणार हाय. आरसीसीबी पडून राह्यला याचा अर्थ करंट कुठीतरी पाण्यात नाहीतं बॉडीत उतरून राह्यला, तो सांगून राह्यला अन् तुम्ही सांगणाऱ्यालेच काढून टाकता का? ज्यानं हा सल्ला देल्ला त्याले टबाच्या जवळ फिरकू देऊ नका.

आता दोष शोधाचा कसा ते सांगतो. मेन बंद करा, टेस्टरनं खात्री करा. हीटरच्या नळकांड्याले दोन मोठ्या वायरी येतात त्या दोन्ही काढून टोकं नीट टेप करा अन् मंग टब चालू करा. हीटरबिगर आरसीसीबी टिकला तं चोर हीटर. पडलाच तं ओझोनेटर (ओझोननं पाणी साफ करणारं यंत्र) काढून पाहा, मंग पंप, एकेक करून. तुम्ही म्हणता नुसत्या पंपावर पडत नाही, म्हणजे माझा अंदाज हीटरचाच हाय. थंड असला की चालते अन् तापला की पडते, ही एलिमेंटले बारीक चीर गेल्याची खूण. तापल्यावर चीर उघडते, पाणी आत जाते, लीकेज होते.

मल्टीमीटर असंन तं हीटरच्या दोन टोकांमधला ओहम मोजा. ३ किलोवॅटचा असंन तं १७-१८ ओहम आला पाह्यजे. मंग एक टोक अन् बाहेरची स्टीलची बॉडी यामधात मोजा, तिथं काहीच यायले नाही पाह्यजे. साधा मल्टीमीटर इथं फसवते बरं का, खरं मोजाचं असंन तं ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासाचं मीटर) लागते.

ओहायोतला_वऱ्हाडी
इकडे आमच्याकडे चौदा वर्षं टब आहे. काकांनी सांगितलं ते बरोबरच. एफएलओ म्हणजे हीटरमधून पाणी पुरेसं वाहत नाही. सगळ्यात आधी फिल्टर काढून ठेवा आणि बिनफिल्टरचा थोडा वेळ चालवून बघा. एरर गेला तर फिल्टर चोंदलाय, दुसरं काही नाही. पाणी बदलल्यानंतर हा एरर येत असेल तर पंपात हवा अडकलेली असते, पंपाची युनियन (पाइप जोडायची चकती) किंचित सैल करायची, सूं करून हवा निघते, पाणी ठिबकायला लागलं की परत आवळायची. आणि भरताना पाइप टबात सोडू नका, फिल्टरच्या खड्ड्यात सोडा, म्हणजे पाणी खालून नळ्यांमधून वर येतं आणि हवा आपोआप बाहेर ढकलली जाते.

बाकी थंडीत नळ्या गोठू नयेत म्हणून इकडे आम्ही

सरकी
@ओहायोतला_वऱ्हाडी गोठतात!! भाऊ इथं मे महिन्यात टब न लावता पाणी ४० च्या वर जाते. तुमचं अर्धवट राह्यलेलं वाक्य तसंच राहू द्या 😄

ओहायोतला_वऱ्हाडी
हाहा, राहू दिलं.

तिफण
एक विचारतो. संध्याकाळी व्होल्टेज किती येते तुमच्याकडे? आमच्याकडे हरभऱ्याले पाणी चालू झालं की डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम लागतात अन् १८० च्या वर काटा जात नाही. पाणी ३२ च्या वर चढत नाही त्याचं कारण तेबी असू शकते. हीटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं घटते. २३० वर ३ किलोवॅटचा हीटर १८० वर फक्त १.८४ किलोवॅटचा राह्यते, म्हणजे ६१ टक्के. १६० झालं तं निम्म्याच्याबी खाली. अन् १२०० लिटर पाणी २५ वरून ३८ वर न्यायले १८ युनिट लागतात, कोणताही हीटर लावा, युनिट तेवढेच. पुऱ्या व्होल्टेजवर सहा तास, तुमच्याइकडे दहा. त्यात झाकण गळकं असंन तं जेवढं तापते तेवढंच उडून जाते अन् काटा एका जागी थांबते.

पाणी तापवाचं असंन तं रात्री अकरानंतर लावून पाह्यजा, व्होल्टेज सुधारते तेव्हा.

दर्यापूरवाला
तिफणभाऊ, संध्याकाळी १७५ ते १८५. हे कोणी सांगितलंच नव्हतं. वायरमनकाका, उद्या हीटरच्या वायरी काढून पाहतो, अमरावतीला एक ओळखीचा आहे, त्याच्याकडे मेगर आहे.

ज्वारीचं_कणीस
माझं घर शेतात आहे, थ्री फेज फक्त शेतीच्या फिडरवर येते, दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास. तिथून टब चालवता येईल का? घरची लाईन लई कमजोर आहे.

वायरमनकाका
@ज्वारीचं_कणीस शेतीच्या मीटरवर टब नका लावू. ज्या कामासाठी कनेक्शन घेतलं त्याशिवाय दुसऱ्या कामाले वापरलं तं विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं वसुली होते. अन् सोडून द्या कायद्याचं, आठ तासांनी लाईन गेली की पंप बंद, पाणी फिरणं बंद, फिल्टर बंद. गरम पाणी उभं राह्यलं की सडते.

मोहर्लीकर
आमचा ताडोब्याच्या बफरजवळ छोटा होमस्टे आहे, दोन टब आहेत, पाहुणे रोज बसतात, त्यामुळे जे काही बिघडू शकतं ते आमच्याकडे बिघडून झालेलं आहे.

दर्यापूरवाले, तुमचा हीटर नवीन बसवाल आणि तेच पाणी भराल तर तो पण जाईल. तुम्ही खारपाणपट्ट्यात आहात. तुमच्या बोअरमध्ये क्लोराईड म्हणजे मीठच आहे, आणि गरम मिठाच्या पाण्यात साधं स्टेनलेस स्टील टिकत नाही, बारीक भोकं पडतात. वरून टबातलं पाणी उडतं पण मीठ उडत नाही, तुम्ही परत खारंच पाणी वरून भरता, म्हणजे महिन्यागणिक टबातलं पाणी बोअरपेक्षाही खारट होत जातं. बाजारात टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर स्वस्तात मिळतो, एकदा बोअरचं आणि एकदा टबातलं मोजून बघा.

पांढुरकं का होतं तेही त्यातच आहे. जेट हवा मारतात, त्या हवेनं पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच आपोआप चढत जातो. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये हवा, तुमचा बहुतेक ८ च्या वर असेल. त्यापुढे पाण्यातला चुना सुटतो आणि जिथं सगळ्यात गरम तिथं चिकटतो, म्हणजे हीटरवर. थर बसला की एलिमेंट आतल्या आत जास्त तापतो. तुमच्या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या नाहीत.

आमच्याकडे चंद्रपूरच्या बाजूला उलटा त्रास, पाण्यात लोह. बोअरचं पाणी स्वच्छ दिसतं, क्लोरीन टाकलं की तासाभरात तपकिरी. आम्ही आता पाणी आधी वरच्या टाकीत फवारून सोडतो, दोन दिवस बसू देतो, गाळ खाली राहतो, मग टबात घेतो.

आंबाडी
एवढं कशाला, तुरटी फिरवायची. आमच्या घरी रांजणात आजी अशीच फिरवायची, पाणी आरशासारखं.

मोहर्लीकर
आंबाडीताई, रांजणात चालतं कारण गाळ खाली बसतो आणि आपण वरचं पाणी घेतो. टबात पंप फिरतोय, गाळ बसायला जागाच नाही, तो सगळा फिल्टरच्या घड्यांमध्ये जाऊन चिकटतो आणि लगेच एफएलओ. वरून तुरटीनं पीएच आणि अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) दोन्ही पडतात. तुरटी फिरवायचीच असेल तर वेगळ्या टाकीत फिरवा आणि नितळ पाणी टबात घ्या. मीठ आणि चुना मात्र तुरटीनं जात नाही.

आंबाडी
बरं बाप्पा, समजलं. आजीचा टब नव्हता हे खरं.

नळवाला_बंडू
मी ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहे. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो अन् नळावर ओटी टेस्ट करतो, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. टबात टीसीएल चालते का? आमच्याकडे पोतं पडलेलं असते म्हणून विचारलं. 😅

मोहर्लीकर
बंडूभाऊ चालतं म्हणजे अडीअडचणीला चालतं. चांगल्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, म्हणजे १००० लिटरला साधारण ३ ग्रॅम टाकलं की १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग). टबात ३ ते ५ पीपीएम लागतं, नळापेक्षा पुष्कळ जास्त, कारण पाणी गरम आणि माणसं थोड्या पाण्यात बसलेली. पण टीसीएल म्हणजे चुनाच, हार्डनेस वाढत जातो. टाकायचंच तर बादलीत कालवून बसू द्या, वरचं निवळ पाणी तेवढं टबात ओता, खालचा चुना फेकून द्या. जुन्या उघड्या पोत्यातल्या पावडरचा जोर गेलेला असतो हे तुम्हाला माहीतच आहे.

आम्ही डायक्लोर (दाणेदार क्लोरीन) वापरतो, पटकन विरघळतं आणि चुना नाही. स्विमिंग पूलच्या मोठ्या गोळ्या मिळतात त्या टबात टाकू नका, त्या ट्रायक्लोरच्या असतात, फार ॲसिडिक, गोळी जिथं पडते तिथं ॲक्रिलिक खराब होतं.

आणि हे मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा, टीसीएल किंवा कुठलंही क्लोरीन आणि ॲसिड कधीच एका बादलीत, एका मगात किंवा एकामागोमाग टाकू नका. विषारी वायू निघतो. दोन्हीचे डबेसुद्धा वेगळ्या खोलीत.

अकोटची_सुनबाई
आमच्या सासऱ्यांकडे आहे टब, छोटा आहे. मला सांगा तुमच्या सासूबाई... नाही म्हणजे आई, टबात बसायच्या आधी गुडघ्याला तेल लावतात का? निर्गुडीचं, तिळाचं, काहीही? आमच्याकडे तेच चालू होतं. पाण्यावर फेस यायचा, साबण लावल्यासारखा, आणि फिल्टर आठ दिवसात चिकट. मग घरात नियम केला की तेल आंघोळीनंतर, टबाच्या आधी नाही, आणि बसायच्या आधी अंगावर दोन तांबे पाणी घ्यायचं. कपडे पण डिटर्जंटमध्ये धुतलेले असतात त्यातूनही फेस येतो म्हणून टबाचे कपडे नुसत्या पाण्यात खंगाळून ठेवलेत. दिवाळीला दिरांनी पोरांना उटणं लावून डायरेक्ट टबात सोडलं होतं, त्या दिवशीचं पाणी मी कोणाला सांगत नाही.

फिल्टर धुताना क्रम बघा हं. आधी धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवायचा म्हणजे तेल सुटतं, मग नळाखाली घडीन् घडी धुवायची, आणि त्यानंतरच क्षारासाठी लिंबूसत्वाच्या पाण्यात. उलटं केलं तर तेल आत पक्कं बसतं आणि फिल्टर फेकायचीच पाळी येते. दोन फिल्टर ठेवले तर बरं पडतं, एक वाळत एक चालू.

पऱ्हाटी
मी पहिल्या पोस्टवर बोललो त्याले कोणी उत्तर देल्लं नाही. सगळे ॲसिड अन् पीएचमधी रमले. पाण्याचं काय?

तिफण
पऱ्हाटीभाऊ, तुमचं म्हणणं खोटं नाही पण हिशेब करू. टबाचं पाणी तीनचार महिन्यातून एकदा बदलतात, १२०० लिटर. वरून भरणं धरून दोन हजार धरा. एक माणूस रोज २० लिटरनं आंघोळ करते, पाच जणाचं घर तीन महिन्यात ९००० लिटर नुसतं आंघोळीले वापरते. टब म्हणजे आंघोळीची जागा घेत नाही, जास्तीचंच हाय, मान्य. पण गावात ज्याच्या घरी नळाले तोटी नाही अन् पाणी रस्त्यावर वाहते त्याचं वर्षाचं मोजलं तं असे कितीक टब भरतीन.

पऱ्हाटी
तोटी नाही म्हणून टब बरोबर, हे काही पटलं नाही. पण खारं पाणी तसंही प्यायच्या कामाचं नाही, तेवढ्यापुरतं सोडून देतो.

सरकी
गरम पाण्यातच बसाचं असंन तं उनकेश्वरले जा ना. पैनगंगेच्या पल्याड, किनवट तालुका. यवतमाळकडून कितीतरी लोकं जातात. ना आरसीसीबी, ना एफएलओ.

दर्यापूरवाला
सरकीभाऊ, आईला दररोज उनकेश्वरला नेऊ का? 😀

मोहाचं_झाड
टबाच्या मागच्या पॅनलबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. हिवाळ्यात आत ऊब असते, पीक निघालं की शेतातले उंदीर तिथंच येतात, फोम कोरतात, वायरी कुरतडतात. आणि उंदराच्या मागं साप येतो. आमच्या गोंदियाकडे एका पाहुण्यांच्या घरी पॅनल उघडला तर आत नाग बसला होता, सर्पमित्राला बोलवावं लागलं. वायरमनकाका सांगतात तसं हीटरच्या वायरी काढायला हात घालाल तर आधी पॅनल काठीनं ठोकून, टॉर्च मारून, लांबून उघडा. खालच्या फटींना बारीक जाळी मारून घ्या, पण हवेची भोकं बुजवू नका, पंपाची मोटर तापते.

अकोटची_सुनबाई
अगं बाई! आजपासून पॅनल सासरेच उघडतील.

ओहायोतला_वऱ्हाडी
इकडे साप नाही पण खारी घुसतात.

सरकी
आमच्याइकडे झाकणावर वांदरं. टोळीच्या टोळी उड्या मारते, रेक्झिन फाडून टाकते. फाटलं की आतला फोम पाणी पिते अन् झाकण दोघा जणाले उचलत नाही. वरून जुनी ताडपत्री दोरीनं ताणून बांधली तं उन्हापासूनबी वाचते.

कळंबची_डॉक्टर
तांत्रिक काही कळत नाही, पण दोन गोष्टी. टबात बसल्यावर एकदोन दिवसांनी मांडीवर, पाठीवर, जिथं ओला कपडा चिकटून राहतो तिथं लाल पुटकुळ्या आल्या, मधोमध पिवळा ठिपका, तर लोक घामोळ्या समजून पावडर लावतात. ती केसांच्या मुळाची सुडोमोनास जंतूची लागण असते, क्लोरीन कमी पडल्याची खूण. बहुतेक वेळा आपोआप बरी होते, पण ताप आला किंवा पसरली तर दाखवा, आणि पाणी नीट केल्याशिवाय परत बसू नका. जेटच्या तुषारातून लिजिओनेलासारखा जंतू फुप्फुसात जाऊ शकतो, म्हातारी माणसं असतील तर क्लोरीनमध्ये हयगय नको. ते पापुद्रे निघताहेत असं लिहिलंय ना, तो नळ्यांच्या आत वाढलेला जंतूंचा थर असू शकतो.

आईंचं वय आणि बीपीची गोळी काय चालू आहे ते बघा. ४० च्या वर कोणीच जाऊ नये, त्यांच्यासाठी ३७-३८ पुरे, दहापंधरा मिनिटं, आणि उठताना कोणीतरी हाताशी हवं कारण एकदम उठलं की चक्कर येते. डायबेटिस असून पायांना बधिरपणा असेल तर पाण्याचा चटका कळत नाही. गरोदर बाईनं बसू नये.

दर्यापूरवाला
डॉक्टरताई, आईला बीपीची गोळी आहे. ३८ वर लॉक करून ठेवतो, पॅनलवर ती सोय दिसते.

मोहर्लीकर
पापुद्र्यांसाठी, पाणी सोडायच्या आधी नळ्या साफ करायचं औषध मिळतं ते टाकून जेट चालवा, मग सोडा. पाणी सोडल्यावर टाकून उपयोग नाही. ते न करता नवीन पाणी भरलं तर आठवड्यात परत पापुद्रे.

क्लोरीनचा वास डोळ्याला झोंबतो तेव्हा लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालं. बहुतेक वेळा उलट असतं, क्लोरीन घामालघवीशी बांधलं गेलेलं असतं आणि त्याचा तो वास. तेव्हा जास्तीचा डोस द्यायचा, झाकण उघडं ठेवायचं, आणि कोणी बसायचं नाही.

गवंडी_नंबर_१
एक राह्यलं. टब कशावर बसवला? तुमची काळी भारी जमीन, पावसात फुगते अन् उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. टब, पाणी अन् माणसं मिळून दीड टनाच्या वर. नुसत्या फरशीवर ठेवला असंन तं एक कोपरा खाली जाते, टब पिळला जाते अन् नळ्यांच्या युनियन गळायले लागतात. लोकं युनियन आवळत बसतात, गळणं खालून असते. लेव्हल पट्टी लावून पाहा. काळी माती काढून मुरूम भरून, पाणी मारून धुम्मस करून मंग सळईचा स्लॅब, त्यावर टब. अन् टबाचं सोडलेलं पाणी स्लॅबच्या बाजूले मुरू देऊ नका, पाइप लावून लांब न्या.

दर्यापूरवाला
गवंडीभाऊ, स्लॅब केलेला आहे, मुरूम घातलेला, लेव्हल ठीक निघाली.

आता बाकीचं. पॅनल लांबून उघडला, साप नव्हता, उंदराच्या लेंड्या होत्या. हीटरच्या वायरी काढून टब चालवला, रात्रभर आरसीसीबी पडला नाही. मेगरवर एलिमेंट ते बॉडी अर्धा मेगाओहमसुद्धा आला नाही. हीटर खोलला तर एलिमेंटवर पांढरा जाड थर अन् थर खरवडला तिथं टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. मोहर्लीकरांनी न पाहता सांगितलं होतं. टीडीएस पण मोजला, बोअर २१००, टब ३४००. फिल्टर काढून चालवला तर एफएलओ आला नाही.

आता एलिमेंट कोणता घेऊ? अन् पाणी कुठून आणू?

वायरमनकाका
गिझरचा एलिमेंट यात बसत नाही, कोणी बसवून देतो म्हणलं तरी घेऊ नका. जुना एलिमेंट सोबत नेऊन लांबी, फ्लँज अन् वॅट जुळवून घ्या. इन्कोलॉय (निकेलचा मिश्रधातू) किंवा टायटॅनियमचा मिळाला तं खाऱ्या पाण्यात स्टीलपेक्षा कितीतरी टिकते, महाग पडंन. अन् अर्थिंगचा खड्डा तपासून घ्या, उन्हाळ्यात खड्डा वाळला की अर्थिंग नावालेच उरते. सर्वो स्टॅबिलायझर लावता आला तं लावा, हीटर अन् पंप दोन्ही धरून. गावात न्यूट्रल तुटला तं ३०० च्या वर व्होल्टेज चढते अन् पहिले कंट्रोल बोर्ड जाते, तो एलिमेंटच्या कितीतरी पट महाग असते.

मोहर्लीकर
पाणी - शहानूर धरणाचं नळाचं पाणी गावात येत असेल तर टब त्यानंच भरा, चारपाच दिवस थोडं थोडं टाकीत साठवून. वरून भरायलाही तेच, बोअर नाही.

तिफण
अन् पावसाळ्यात छतावरचं. १०० चौरस मीटर स्लॅबवर १० मिलिमीटर पाऊस पडला तं हिशेबानं १००० लिटर होते, पहिला पाऊस सोडून देजा, घाण असते.

मोहर्लीकर
पावसाचं पाणी उत्तम, फक्त त्यात अल्कलिनिटी जवळपास शून्य, पीएच वरखाली नाचतो, आणि फार मऊ पाणी पण धातू खातं. थोडं नळाचं मिसळा. अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएमवर आणायची, त्याला खायचा सोडा चालतो. १००० लिटरला १७ ग्रॅम टाकलं की १० पीपीएम वाढते. तुमच्या टबाला २० वरून ९० करायची तर साधारण १४० ग्रॅम, दोन वेळेत विभागून. चाचणीच्या पट्ट्या ऑनलाईन मिळतात. एकदा नीट आकडा हवा असेल तर भूजल सर्वेक्षणाच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत बाटली द्या.

पऱ्हाटी
टबातलं जुनं पाणी लिंबाच्या झाडाले देता येते का? वाया तरी जाणार नाही.

तिफण
पऱ्हाटीभाऊ, आता तुम्हीबी रमले 😄 नळाचं किंवा पावसाचं असंन तं झाकण काढून दोनतीन दिवस उन्हात ठेवा, क्लोरीन उडते, पट्टीवर शून्य आलं की द्या. पण ३४०० टीडीएसचं पाणी झाडाले अजिबात नको, तिथली जमीन आधीच सोडियमनं घट्ट झाली हाय, लिंबू तं सगळ्यात आधी पानं करपवते.

दर्यापूरवाला
हे पाणी नालीतच सोडतो मग. इन्कोलॉयचा एलिमेंट अमरावतीत सांगून ठेवला, नळाचं पाणी साठवणं चालू आहे. झाकणाला ताडपत्री पण घेतली. एप्रिल-मे मध्ये काय करतात ते विचारायचं राहिलं, टब रिकामा ठेवावा का?

सरकी
रिकामा उन्हात ठेवू नका, ॲक्रिलिक तडकते. हीटरचा एमसीबी पाडून ठेवा, वर सावली करा, दिवसा झाकण लावा अन् रात्री उघडा. पंप कमी वेळ चालवा, कारण पंपाच्या उष्णतेनंबी पाणी तापते, पॅनलवर ओएच येते तो त्याचाच. क्लोरीन मात्र रोज पाह्यजा, पोट्टे दिवसभर त्यातच राह्यतात.

वायरमनकाका
अन् एलिमेंट बसवल्यावर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून पाह्यजा, दर महिन्याले. पडला नाही तं तोबी बदला, ३० मिलिॲम्पचाच घ्या, १०० चा नको. मी पुढच्या आठवड्यात अंजनगावले कामानं येऊन राह्यलो, फोन नंबर मेसेजमधी टाका, मेगर घेऊनच येतो.